टप्प्यांची सायकल शर्यत : नागपूरच्या हौशी सायकलपटूने तयारी कशी करावी

लांब पल्ल्याची सायकल नागपूरला नवी नाही. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत संपवायच्या ब्रेव्हे, म्हणजे क्रमांक न लावता ठरावीक वेळेत अंतर पूर्ण करण्याच्या फेऱ्या, येथे अनेकांनी केल्या आहेत, आणि नागपूरच्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१८ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केल्यापासून तर सायकलशी संबंध नसलेली माणसेही किलोमीटरच्या भाषेत बोलू लागली. त्याच वर्षी समर्थ यांनी रशियातील ‘ट्रान्स-सायबेरियन एक्स्ट्रीम’ ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यतही पूर्ण केली. या दोन शर्यतींत अंतराखेरीज एक मूलभूत फरक आहे. पहिलीत घड्याळ एकदा सुरू झाले की अखेरच्या रेषेपर्यंत थांबत नाही, झोपेचा वेळही त्यात मोजला जातो. दुसरी १५ टप्प्यांत विभागलेली होती. टप्पा संपला की घड्याळ थांबते आणि पुढच्या टप्प्याला पुन्हा सुरू होते. मधल्या तासांची नोंद निकालपत्रकात कोठेही नसते, आणि तरीही निकाल बहुतेक त्याच तासांत ठरतो. ब्रेव्हेची सवय असलेला सायकलपटू तीन-चार दिवसांच्या टप्प्यांच्या शर्यतीत प्रथमच उतरतो तेव्हा तो नेमका येथे फसतो. मीही फसलो होतो.

निकाल कसा लागतो, हे आधी समजून घ्यावे

प्रत्येक टप्प्याला लागलेल्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते आणि दोन टप्पे जिंकूनही दहावा क्रमांक येऊ शकतो. १९८९ च्या टूर दि फ्रान्समध्ये तीन हजारांहून अधिक किलोमीटरनंतर ग्रेग लेमाँड आणि लॉरें फिन्यों यांच्यात केवळ ८ सेकंदांचे अंतर राहिले होते. अखेरच्या दिवशी सकाळी लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. हौशी शर्यतीत इतकी चुरस क्वचितच असते. तेथे अंतरे मिनिटांत पडतात, आणि ती एकाच कारणाने पडतात : माणूस समूहातून सुटतो.

हा हिशेब कागदावर मांडून पाहावा. समूह ताशी ३६ किलोमीटरने चालला आहे आणि शेवटचे ३० किलोमीटर उरले आहेत, असे समजू. समूहातल्या माणसाला त्यासाठी ५० मिनिटे लागतात. मागे पडलेला माणूस वाऱ्याशी एकटा झुंजत ताशी ३० ने जातो, त्याला ६० मिनिटे लागतात. एका उतारावर दोन सायकलींएवढी फट पडू दिल्याची किंमत दहा मिनिटे. उलट, एकत्र आलेल्या समूहातील सर्वांना सहसा एकच वेळ दिली जाते, म्हणजे समूहातील पहिला आणि चाळिसावा हे दोघे त्या दिवशी बरोबरीत असतात. सपाट टप्प्यावर शेवटच्या दोनशे मीटरांत जिवाच्या आकांताने विसाव्यावरून बाराव्या क्रमांकावर येण्यात काही मिळत नाही. पडण्याचा धोका मात्र असतो.

माझ्या पहिल्या शर्यतीला चार टप्पे होते. पहिल्या दिवशी शेवटच्या चढावर दोघांच्या मागे लागून मी समूहापेक्षा ४० सेकंद आधी पोहोचलो, संध्याकाळी यादीतले स्वतःचे नाव दोनदा वाचले आणि त्या आनंदात नीट जेवलोही नाही. तिसऱ्या दिवशी साठाव्या किलोमीटरच्या आसपास, जो चढ एरवी बोलत बोलत चढलो असतो त्यावर पाय रिकामे झाले आणि मी १७ मिनिटे गमावली. पहिल्या दिवसाची उधळपट्टी तिसऱ्या दिवशी व्याजासकट वसूल होते, हे तेव्हा कळले.

शर्यत निवडताना

पहिल्या वेळी तीन किंवा चार दिवसांची शर्यत पुरे. नाव नोंदवण्यापूर्वी नियमावली सावकाश वाचावी : प्रत्येक टप्प्याची कमाल वेळमर्यादा किती, ती ओलांडल्यास पुढच्या दिवशी सुटू देतात की नाही, बाहेरच्या गाडीकडून पाणी किंवा चाक घेतल्यास दंड आहे का, आणि रस्ता वाहतुकीला बंद असणार की नाही. आपल्याकडे हौशी स्पर्धेत रस्ता पूर्ण बंद असेलच असे नाही; तसे असेल तर मधली रेषा ओलांडणारा बाद, असा नियम असतो आणि तो योग्यच आहे. व्यावसायिक शर्यतीत शेवटच्या ३ किलोमीटरमध्ये पडल्यास समूहाची वेळ मिळण्याची सवलत अनेक टप्प्यांना असते. हौशी स्पर्धेत ती गृहीत धरू नये.

थेट शर्यतीत उडी घ्यायची नसेल, तर २००८ पासून होणारी ‘टूर ऑफ निलगिरीज’ ही मधली पायरी आहे. तेथे रोजचा संपूर्ण मार्ग शर्यतीचा नसून त्यातील काही भागांचीच वेळ मोजली जाते. मसिनागुडीहून उटीकडे जाणारा ३६ वळणांचा कल्हट्टी घाट त्या प्रवासात प्रसिद्ध आहे, आणि सपाटीवर वाढलेल्या नागपूरकराला स्वतःच्या मर्यादा दाखवायला तो पुरेसा आहे.

सरावाचा कणा : सलग दिवस

नोकरी सांभाळणाऱ्या माणसाने आठवड्याला आठ ते दहा तास काढले आणि तीन-साडेतीन महिने हा क्रम पाळला, तर चार दिवसांची शर्यत प्रतिष्ठेने पूर्ण करता येते. मात्र हे तास कसे मांडायचे याला महत्त्व आहे. ब्रेव्हेसाठी आपण रविवारी एकदाच दीडशे-दोनशे किलोमीटर जातो आणि सोमवारी जिना उतरताना कठडा धरतो. टप्प्यांच्या शर्यतीसाठी तेच अंतर शनिवार-रविवारात विभागावे, आणि महिन्यातून एकदा शुक्रवारही जोडून घ्यावा : शुक्रवारी संध्याकाळी तासाभराचा तीव्र सराव, शनिवारी उमरेड किंवा रामटेकपर्यंत जाऊन परत असे शंभरेक किलोमीटर, आणि रविवारी चढ-उतारांच्या काटोल मार्गावर ऐंशी किलोमीटर. यातला रविवार हीच खरी परीक्षा असते. त्या दिवशी वेग किती होता यापेक्षा शेवटच्या तासात काय झाले, खाण्याची इच्छा होती की नाही, चिडचिड किती झाली, हे वहीत लिहून ठेवावे.

एक गोष्ट अनेकांना चकवते. सलग दिवसांच्या थकव्यात हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी पुष्कळदा दबलेले राहतात. शनिवारी ज्या चढावर १६० ठोके पडत होते, तेथे रविवारी जीव तितकाच लावूनही १५० च्या पुढे आकडा सरकत नाही. ज्याच्याकडे पॉवर मीटर, म्हणजे पेडलवर लागणारा जोर मोजणारे यंत्र, आहे त्याने त्याकडे पाहावे. ज्याच्याकडे नाही, त्याने शेजारच्याशी सलग दोन वाक्ये बोलता येतात का, ही जुनी कसोटी वापरावी. ठोके कमी दिसतात म्हणून जोर वाढवणे ही चूक आहे.

नागपूरची अडचण चढाची आहे. सेमिनरी हिल्सचा चढ आणि रामटेकचा गड पाच-दहा वेळा चढून तंत्र सुधारते. चाळीस मिनिटे एका लयीत चढत राहण्याची सवय त्यातून लागत नाही. तिला दोन उपाय आहेत. पहिला, समोरून वारा असताना वर्धा मार्गासारख्या सपाट रस्त्यावर जड गिअर घालून, मिनिटाला ५५ ते ६० फेऱ्यांच्या गतीने, बसल्या जागी वीस-वीस मिनिटे सायकल चालवणे. गुडघे दुखत असतील तर हा उपाय सोडून द्यावा. दुसरा आणि खरा उपाय म्हणजे चिखलदरा. परतवाड्याहून वर जाणारा रस्ता सुमारे ३० किलोमीटरचा असून माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटरवर आहे. शर्यतीपूर्वी एकदा तेथे मुक्काम करून शनिवारी आणि रविवारी असे दोन वेळा तो चढून पाहावा. परिसर मेळघाटच्या वाघांचा आहे, त्यामुळे नागपूरच्या सवयीने पहाटे साडेचारला निघू नये. नीट उजाडल्यावरच निघावे.

थंडीतल्या शर्यतीची तयारी आपल्याकडे ऐन पावसाळ्यात सुरू होते आणि ऑक्टोबरच्या उन्हातून जाते. पावसात खड्डा दिसत नाही, म्हणून तीव्र सराव घरातल्या ट्रेनरवर (जागच्या जागी सायकल चालवण्याच्या स्टँडवर) करणे शहाणपणाचे. उन्हाची सवय मात्र टाळू नये. उष्णतेशी जुळवून घ्यायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि टप्प्याचा शेवट बहुधा दुपारच्या उन्हात होत असल्याने केवळ पहाटे सराव करणारा माणूस अकरा वाजता कोमेजतो. त्यासाठी ४५ अंशांच्या मे महिन्यात भर दुपारी बाहेर पडण्याची मुळीच गरज नाही. ऑक्टोबरमध्ये नऊ ते अकराच्या दरम्यानचे काही फेरे पुरतात.

समूहात चालवणे

पाच-सहा जणांचा विश्वासू गट जमवून रविवारी लवकर, रहदारी कमी असताना हा सराव करावा. पुढच्याच्या आडोशाला राहिल्याने चौथा हिस्सा ते एक तृतीयांश श्रम सहज वाचतात, परंतु त्यासाठी चाकामागे चाक एका हातभर अंतरावर ठेवता आले पाहिजे. नवा माणूस पुढच्याच्या टायरवर डोळे खिळवतो आणि टायर थोडा हलला की दचकून ब्रेक दाबतो. नजर पुढच्याच्या कंबरेवर आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या रस्त्यावर असावी. कंबर उचलली गेली की तो उभा राहून चालवणार आणि त्याची सायकल क्षणभर मागे येणार, हे आधीच कळते. वेग कमी करायचा असेल तर ब्रेक न लावता किंचित वाऱ्यात बाहेर यावे. वारा आपोआप वेग खातो.

आडवा वारा हा वेगळा विषय आहे. वारा डावीकडून येत असेल, तर आडोसा पुढच्याच्या बरोबर मागे नसून त्याच्या उजव्या अंगाला, थोडा मागे असतो. म्हणून सगळे तिरप्या ओळीत उभे राहतात आणि रस्त्याची रुंदी संपली की उरलेल्यांना आडोसा मिळत नाही. उमरेड मार्गावर एका सकाळी आमच्यातल्या सातव्या माणसाला आम्ही मुद्दाम रस्त्याच्या कडेला ठेवले होते. तो आमच्यातला सर्वांत दमदार, तरी पाच मिनिटांत मागे पडला. नंतर चहाच्या टपरीवर त्याने एकच प्रश्न विचारला, की मला आत जागा का दिली नाही. जागा कोणी देत नाही. वाऱ्याचे वळण येण्याआधी ती घ्यावी लागते, हे शिकण्यासाठी एवढी एक सकाळ पुरेशी आहे. कोळशाच्या ट्रकांची वर्दळ पाहता हा प्रयोग तेथे उजाडताच उरकावा.

सायकल

घाटाच्या शर्यतीसाठी पुढे ५० आणि ३४ दातांच्या चकत्या आणि मागे निदान ३२ दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, असावी. हलका गिअर लावण्यात कमीपणा नाही. चेन, ब्रेक पॅड आणि टायर शर्यतीच्या दोन आठवडे आधी बदलून तीनशे-चारशे किलोमीटर चालवून घ्यावेत. त्यानंतर सॅडलची उंची मिलिमीटरनेही हलवू नये.

बरोबर न्यायच्या सामानात एक वस्तू लोक हमखास विसरतात : सुटा गिअर हँगर. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, जेथे बसतो तो हा छोटा तुकडा मुद्दाम मऊ धातूचा केलेला असतो, म्हणजे आपटल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. प्रत्येक कंपनीचा, कधी कधी प्रत्येक मॉडेलचा हँगर निराळा असतो आणि आडगावी तो मिळत नाही. दुसऱ्या एका शर्यतीला रेल्वेने जाताना मी डिरेलर न काढताच सायकल खोक्यात घातली. खोके उघडले तेव्हा हँगर आत वळलेला होता आणि दोन दिवस मागचे तीन हलके गिअर मला वापरताच आले नाहीत. आता डिरेलर काढून, फडक्यात गुंडाळून, फ्रेमच्या आत बांधतो, काट्यांमध्ये (फोर्कमध्ये) प्लास्टिकचा आधार घालतो, आणि हँगर दोन नेतो.

टप्प्याचा दिवस

सुटण्यापूर्वी अडीच ते तीन तास पोटभर पण साधी न्याहारी घ्यावी : पोहे, उपमा, केळी, गूळ घातलेली लापशी. तर्री पोह्यांवर माझे प्रेम आहे, परंतु तर्री त्या सकाळी नको, आणि आदल्या रात्री सावजी तर नकोच.

पहिल्या वीस मिनिटांपासून खायला सुरुवात करावी, भूक लागण्याची वाट पाहू नये. तासाला सुमारे ६० ग्रॅम कर्बोदके हे लक्ष्य ठेवावे. पोटाला सवय लावली तर काहींना ९० ग्रॅमपर्यंत जमते. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. अर्ध्या लिटरच्या बाटलीत आठ चमचे साखर, पाव चमचा मीठ आणि लिंबू घातले की आणखी तीसेक ग्रॅम होतात. खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू खिशात चांगले टिकतात, मात्र लाडू घाटात चावताना श्वास अडवतो, म्हणून तो सपाटीवरच संपवावा. दर वीस मिनिटांनी घड्याळाचा गजर लावणे मला पूर्वी बालिश वाटत असे, आता वाटत नाही.

शर्यतीत बळ कोठे लावायचे याचा नियम सोपा आहे : समूह तुटण्याचा धोका असेल तेथे, म्हणजे घाटाच्या सुरुवातीला, घाटमाथा ओलांडताना आणि आडव्या वाऱ्यात, पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात राहावे आणि जे लागेल ते खर्च करावे. इतर सर्व ठिकाणी आळशी असावे. एकट्याने घड्याळाविरुद्ध जायचा टप्पा असेल, तर पहिली पाच मिनिटे मुद्दाम आखडती घ्यावीत, कारण तेथे बहुतेक हौशी लोक सुरुवातीलाच सगळे उधळतात.

रेषा ओलांडल्यानंतर

येथून पुढचे अठरा तास शर्यतीतलेच आहेत, असे समजून त्यांचा क्रम ठरवून ठेवावा. माझा क्रम असा असतो. रेषेपलीकडे गप्पा मारत उभे न राहता दहा मिनिटे हलक्या गिअरवर फिरतो. मग सावलीत बसून ओली जर्सी बदलतो आणि पाणी घेतो. पहिल्या अर्ध्या तासात वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ६५ ग्रॅम. दोन केळी आणि साखर घातलेले गोड ताक, किंवा वाडगाभर दहीभात आणि एक केळे, एवढ्यात ते भागते. स्नायूंतला साखरेचा साठा या वेळी सर्वांत वेगाने भरतो आणि पुढचा टप्पा अठरा तासांवर असल्याने हा वेग कामाचा आहे. निघताना आणि परतल्यावर वजन करावे : एक किलो घटले असेल तर संध्याकाळपर्यंत सव्वा ते दीड लिटर पाणी, मिठासह आणि थोडे थोडे, प्यावे.

खोलीवर पोहोचताच पहिले काम बिब शॉर्ट्सचे, म्हणजे खांद्यावर पट्टे असलेल्या सायकलच्या चड्डीचे. घामाची बिब अंगावर ठेवून जेवायला बसणारा माणूस तिसऱ्या दिवशी सॅडलवर नीट बसू शकत नाही. आंघोळ करून जागा पूर्ण कोरडी करावी, बिब बादलीत साध्या साबणाने धुवावी, न पिळता कोरड्या टॉवेलात गुंडाळून, टॉवेलावर उभे राहून पायाने दाबावी आणि पंख्याखाली उलटी टांगावी. सकाळपर्यंत ती वाळते, तरी दोन बिब आलटून पालटून वापराव्यात. पुळी येऊ लागली तर ती फोडू नये.

त्यानंतर सायकल : चेन पुसून तेल, टायरमध्ये काच किंवा काटा अडकला आहे का ते बोटाने चाचपून पाहणे, हवा. वीस मिनिटांत हे उरकते आणि जेवणापूर्वीच उरकावे, कारण नंतर उठवत नाही. जेवणात वरणभात, पोळी, भाजी, दही. तेलकट आणि तिखट कमी. गावात फेरफटका मारायला जाऊ नये, हे सांगणे कोरडेपणाचे वाटेल, परंतु दोन तास उभे राहून देवळे पाहिलेले पाय सकाळी तक्रार करतात. अंगदुखीसाठी गोळ्या घेऊन झोपण्याची प्रथा काही जणांत आहे. शरीरात पाणी कमी असताना वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत. साडेनऊला दिवा बंद करावा. झोप नाही आली तरी पडून राहावे.

दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताना मांड्या लाकडाच्या झालेल्या असतात आणि आज आपल्याला जमणार नाही असे मनाशी पक्के होते. त्या क्षणी कोणताही निर्णय घेऊ नये. पंधरा-वीस मिनिटे हलके फिरून, त्यात एकदा-दोनदा अर्ध्या मिनिटाचा जोर लावून सुरुवातीच्या रेषेवर जावे; पाय बहुधा अर्ध्या तासात सुटतात. आजूबाजूच्या सर्वांचे चेहरे तसेच असतात, फक्त कोणी बोलून दाखवत नाही. ताप, छातीत दुखणे, गडद रंगाची लघवी किंवा गुडघ्यात टोचणारी वेदना असेल तर मात्र त्या दिवशी सायकलवर बसू नये आणि शर्यतीच्या डॉक्टरांना दाखवावे.

घरी परतल्यावर निदान आठवडाभर जोराचा सराव नको. या काळात सर्दी-खोकला सहज पकडतो. मी पहिल्या रविवारी फुटाळ्यापर्यंत जाऊन येतो, आणि परतताना तर्री पोहे खातो.